आईला घेऊन पुन्हा दिल्ली, काय दाखवू?

२००९ ला कॉलेज ट्रिपमधे दिल्ली नुसती पळत बघितलेली, आता डिसेंबरात आईसोबत जातोय, तिचे गुडघे दुखतात म्हणून चालणं कमी हवं, काय सुचवाल?

> लाल किल्ला सोमवारी बंद असतो, त्या हिशोबाने ठरवा. हुमायूनची कबर मात्र काकूंना दाखवाच, ताजमहालच्या आधीची आहे, उन्हात तो लाल दगड काय सुंदर दिसतो!

> लोधी गार्डन. तिकीट नाही. मी बाबांना घेऊन तिथे बाकावर दोन तास नुसती बसले होते, खूप गप्पा झाल्या, पहिल्या ट्रिपला असं बसणं सुचलंच नसतं.

> तालकटोऱ्याला पण जा रे, १७३७ ला बाजीराव फौज घेऊन दिल्लीवर गेले ते तिथवर पोचले होते, आणि २०२५ चं साहित्य संमेलन तिथल्याच स्टेडियममधे झालं.

> आईला वाचून दाखवलं, तालकटोरा पहिला म्हणतेय!