छोट्या खाऱ्या टँकमध्ये कुणाचं कुणाशी पटतं? अनुभव लिहा

अनगोळकर
काल बेळगावात टिळकवाडीत दातांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. कोपऱ्यात खाऱ्या पाण्याचा छोटा टँक, आत क्लाऊन माशांची जोडी, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. नाव पुकारलं तरी उठवेना. कॉलेजात असताना दादानं घरी असाच 75 लिटरचा टँक मांडला होता. गोव्याहून चोर्ला घाटातनं येणारा ओळखीचा टेम्पोवाला समुद्राचं पाणी कॅनमधून आणून द्यायचा. दोन क्लाऊन, एक फायरफिश नावाचा भित्रा मासा आणि दुकानदारानं 'बारका आहे, राहतोय की' म्हणून गळ्यात मारलेला डोमिनो डॅमसेल. नखाएवढा काळा मासा, अंगावर पांढरे ठिपके. वर्ष सरेपर्यंत ठिपके पुसट झाले आणि टँक त्याच्या नावावर झाला. क्लाऊन हीटरमागं, फायरफिश दगडातनं तोंड काढेना. दादा त्याला सावकार म्हणायचा.
आता परत मांडायचं मनात आहे. कुणी कुणाबरोबर काय ठेवलं, कुणाचं जमलं, कुणी कुणाला हाणलं, सगळं लिहा.

खानापूरवाली
सावकार!! आमच्यात तीन पट्ट्यांचा डॅमसेल होता. काच पुसायला हात घातला की चावायचा, खोटं नाही सांगत. त्याला धरायला सगळे दगड बाहेर काढावे लागले, पाणी गढूळ, फरशी ओली, सासूबाई वेगळ्या ओल्या. शेवटी मडगावला दिराच्या मित्राकडं मोठा टँक आहे तिथं पोचवला. डॅमसेलच हवा असेल तर पिवळ्या शेपटीचा निळा घ्या, त्यातल्या त्यात गरीब. पण एकच. आणि सगळ्यात शेवटी सोडायचा.

वडगाव_पेठ
चोर्ला आत्ता कसा आहे? शनिवारी पणजीला जायचंय.

खानापूरवाली
@वडगाव_पेठ सकाळी लवकर निघा, धुकं असतंय. खड्ड्यांचं विचारू नका.

निपाणीचा_पोर
क्लाऊनचं सांगतो. एकाच मापाचे दोन मोठे घेऊ नका. एक थोडा मोठा, एक बारका असा घ्या. सगळे क्लाऊन आधी नरच असतात, मग जो वरचढ ठरतो तो मादी होतो. मादी गेली तर राहिलेला नर मादी होतो. आमचे सासरे हे ऐकून म्हणाले, 'म्हणजे घरात कुणाचं चालतंय ते माशांनाही कळतंय.'
बारका मोठ्यापुढं अंग थरथरवतो, तिरका होतो. नवीन माणसाला वाटतं आजारी पडला. तसं नाही, तो 'तुमचंच खरं' म्हणतोय. तेवढं दिसलं की जोडी जमली समजा. ॲनिमोन, म्हणजे क्लाऊन ज्यात राहतात तो समुद्री प्राणी, नसला तरी अडत नाही. ॲनिमोनला लाइट तगडा लागतो आणि टँक मुरलेला लागतो. आमची जोडी वेव्हमेकरच्या (पाणी हलवणाऱ्या पंपाच्या) मागं कोपऱ्यात झोपते.

शहापूरची_अक्का
@निपाणीचा_पोर सासरे भारी की हो 😄

बंगडाप्रेमी
इथं रविवारी ताजा बंगडा मिळेना आणि तुम्ही समुद्राचे मासे शोभेला ठेवताय. चालू दे.

कॅम्पातला
फायरफिश ठेवणार असाल तर आधी झाकण. रात्री लाइट गेली आली की तो दचकून उडी मारतो. आमचा सकाळी सोफ्याखाली सुकलेला मिळाला, पोरीनं दोन दिवस जेवण सोडलं. मग खिडक्यांना मच्छरजाळी बसवणाऱ्या पोराकडनं ॲल्युमिनियमची फ्रेम करून घेतली, माप दिलं, त्यानं तासात करून दिली. हवा खेळती राहते. काचेचं झाकण इथल्या मे महिन्यात नको, पाणी तापतं. 26 अंशाच्या आसपास ठेवायचं तर पाण्यावर छोटा फॅन लावा, दोन अंश तरी उतरतं.

अथणीहून
@कॅम्पातला तुमच्याकडं मे महिना म्हणजे आमचा फेब्रुवारी 😭 फॅन लावला की पाणी भराभर उडतं. मीठ उडत नाही, ते टँकमध्येच राहतं. म्हणून भर घालताना साधं आरओचंच पाणी, खारं नाही. आमच्या शेजाऱ्यानं बोअरचं घातलं, काचेवर शेवाळाची गादीच तयार झाली. खाऱ्या पाण्याची घनता मापून 1.025 च्या आसपास ठेवा, अंदाजपंचे नको.

गल्लीतला_गोबी
माझं मत विचाराल तर 75 लिटरला तीन मासे बास. क्लाऊनची जोडी आणि एक गोबी, म्हणजे तळाशी बिळात राहणारा बारका मासा. पण गोबीबरोबर पिस्तूल झिंगा घ्याच! झिंग्याला दिसतं कमी. तो दिवसभर वाळू उपसून बिळाबाहेर आणून टाकतो आणि त्याची एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबी दारात पहाऱ्याला. काही हललं की गोबी शेपूट फडफडवतो, झिंगा आत. फारच झालं तर दोघंही आत. आणि रात्री मध्येच 'टक्' असा आवाज येतो, नांगीचा. बायको पहिल्यांदा काच तडकली म्हणून बादली घेऊन आली. मी तासभर समोर बसतो, टीव्ही लागत नाही. दगड मात्र वाळूवर नको, तळाच्या काचेवर टेकवून ठेवा. हा पठ्ठ्या खालनं उकरतो आणि वरचा दगड ढासळतो.

शहापूरची_अक्का
माझ्या मुलाला निळा टँग मासा हवाय, सिनेमा बघून. कसं समजावू?

गल्लीतला_गोबी
@शहापूरची_अक्का फूटपट्टी दाखवा. पूर्ण वाढला की 30 सेमीपर्यंत जातो. तुमचा टँकच किती फुटी?

शहापूरची_अक्का
दोन. कळलं.

खानापूरवाली
तसंच मँडरिन माशाचं. दुकानात बघितला की जीव जडतो, रंगच तसे. पण तो दगडावरचे बारीक जिवंत किडे टिपून जगतो, गोळ्या बहुतेक बघतही नाही. नव्या टँकमध्ये किडे असतात कुठं? हळूहळू पोट आत जातं. बहिणीकडं असंच झालं, ती अजून त्या विषयावर बोलत नाही.

निपाणीचा_पोर
🙏
आणि सिक्स लाइन रास, डॉटीबॅक हे मासे पण लहान टँकमध्ये नकोच. दिसायला गोड, वागायला सावकार.

कॅम्पातला
क्रम महत्त्वाचा. टँक मांडून चार ते सहा आठवडे माशाशिवाय चालवा, पाण्यातला विषारी अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊ द्या. मग आधी भित्रे, म्हणजे गोबी, फायरफिश. त्यांनी आपापली बिळं धरली की क्लाऊन. नवीन मासा आधी वेगळ्या टबात ठेवून बघा. अंगावर रोगाचे पांढरे ठिपके आले तर तांब्याचं औषध त्या टबातच, मेन टँकमध्ये घातलं तर झिंगा मरतो. क्लाऊन शक्यतो टँकमध्येच जन्मलेले मागा. कोचीच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं आपल्याकडं त्यांची पैदास करून दाखवलेली आहे. असे मासे पहिल्या दिवसापासून गोळी खातात.

अनगोळकर
लई उपयोग झाला. म्हणजे गोबी-झिंगा आधी, मग क्लाऊन, फायरफिश रद्द, आमच्याकडं लाइटचा काही भरवसा नाही. @कॅम्पातला त्या जाळीवाल्या पोराचं दुकान कुठं?

कॅम्पातला
दुकान नाही, स्कूटरवर फिरतो. पण सध्या मंडपाच्या कामात आहे, गणपती झाल्यावर विचारतो.

बंगडाप्रेमी
कुणी कारवारला जाणारं आहे का येत्या आठवड्यात? बर्फाचा डबा मी देतो.

वडगाव_पेठ
@बंगडाप्रेमी मी पणजीला चाललोय, चालेल?

बंगडाप्रेमी
धावेल. दोन किलो. मध्यम आण, फार मोठा नको.