सुमोमध्ये एकच बस फिरून फिरून सोडायची कशी? दुसऱ्या फेरीपासून स्टॉपवर थांबतच नाही

मच्छेकर_०७

नमस्कार मंडळी, फायनल इयर सिव्हिलचा प्रोजेक्ट चाललाय, विषय बेळगावच्या खानापूर रोडवरची सिटी बस. सॉफ्टवेअर सुमो (गाडी नव्हे, जर्मनीतल्या डीएलआरवाल्यांचं फुकट मिळणारं ट्रॅफिक सिम्युलेशन, घरात सांगितलं तर आजोबांना वाटलं पोरगं वडाप चालवायला लागलं). रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवरनं घेतले, स्टॉप नेटएडिटमध्ये हातानं टाकले, सीबीटी (मध्यवर्ती बसस्टँड), गोवावेस, आरपीडी, तिसरं गेट, उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छे आणि परत.

दोन दिवस वही घेऊन बसमध्ये बसून टाइम लिहिला. सीबीटीवरनं निघून परत सीबीटीला यायला साधारण ७० मिनिटं, मग १० मिनिटं विश्रांती धरून ८० मिनिटांची एक फेरी केली. गाड्या दोन, प्रत्येकीच्या सहा फेऱ्या. आता मी काय केलं तर रूटमधल्या एजची (रस्त्याच्या तुकड्यांची) यादी सहा वेळा कॉपी पेस्ट मारली, स्टॉपपण तसेच सहा वेळा चिकटवले, प्रत्येकाला अनटिल दिलंय, गोवावेसला ४२०, आरपीडीला ६६० असं सेकंदात. पहिली फेरी एकदम झकास जातीय. दुसऱ्या फेरीपासून बस स्टॉपला टेकते न टेकते तोवर सुटतीय, सीबीटीलासुद्धा थांबत नाही, सहा फेऱ्या संपवून दोन तास आधीच पोचायच्या बेतात असतीय. ड्रायव्हरला घरी जायची घाई झाल्यासारखं. कुठं चुकतंय सांगा की.

चौथा_गिअर

चूक तूच लिहिलीयस बघ, स्टॉप "तसेच" चिकटवले. दुसऱ्या फेरीत बस गोवावेसला येती तेव्हा घड्याळात ५२०० च्या वर झालेलं असतंय आणि तुझ्या स्टॉपवर अजून ४२० च लिहिलंय. अनटिल म्हणजे अमुक वेळेपर्यंत थांब. ती वेळ कधीच उलटून गेलीय, मग ती कशाला थांबेल. वर ड्युरेशन दिलेलं नसणार, बरोबर? दोन्ही दे. मग बस लवकर आली तर अनटिलपर्यंत थांबती आणि उशिरा आली तरी निदान ड्युरेशनइतकी थांबती.

आणि ते कॉपी पेस्ट सगळं काढून टाक. रूटमध्ये एकच फेरी लिही, एकदाच स्टॉप, आणि रूटच्याच टॅगमध्ये रिपीट ५ आणि सायकलटाइम ४८०० घाल. रिपीट म्हणजे पहिली झाल्यावर अजून किती, म्हणून सहा फेऱ्यांना ५. सायकलटाइममुळं प्रत्येक फेरीला सगळे अनटिल आपोआप ४८०० नं पुढं सरकतात, गोवावेस ४२०, मग ५२२०, मग १००२०. सीबीटीच्या शेवटच्या स्टॉपला अनटिल ४८०० ठेव म्हणजे ती १० मिनिटांची विश्रांती तिथं बसती. दुसऱ्या गाडीला वेगळा रूट लिहायची गरज नाही, तोच रूट दे आणि डिपार्ट २४०० कर, आयडीवाल्या रूटमधलं अनटिल गाडी सुटल्यापासनं मोजलं जातं.

एकच बघून घे, फेरीची शेवटची एज पहिल्या एजला जोडलेली पाहिजे. नाहीतर रिपीट करताना रूट तुटलाय म्हणून ओरडतंय.

निपाणी_एक्सप्रेस

एवढा खटाटोप कशाला? फ्लो लिही, पिरियड २४००, झालं. दर ४० मिनिटांनी सीबीटीवरनं एक बस सुटती, फेरी मारून गायब होती. मी संकेश्वरच्या चौकाचं केलं तेव्हा असंच केलं होतं, कुणी काय विचारलं नाही.

चौथा_गिअर

चौकाचा सिग्नल बघायचा असेल तर फ्लो बास आहे, चौकाला काय फरक पडत नाही कुठली बस. पण हा पोरगा बसचा प्रोजेक्ट करालाय. समज सकाळी तिसऱ्या गेटला अडकून बस १८ मिनिटं लेट झाली. फ्लोमध्ये ती बस लेट पोचून नाहीशी होणार आणि पुढची बस सीबीटीवर कोरी करकरीत जन्माला येणार, अगदी टायमावर. खऱ्यात तीच बस, तोच ड्रायव्हर, तोच कंडक्टर परत फिरायचा असतो. १८ मधली १० मिनिटं विश्रांतीत जिरली, चहा गेला त्यांचा, तरी पुढची फेरी ८ मिनिटं लेटच सुटणार. रिपीटवाल्या बसमध्ये हे आपोआप दिसतंय, फ्लोमध्ये दिसत नाही आणि रिपोर्टमध्ये लिहितोस की सेवा वेळेवर आहे.

स्टॉप-आउटपुट चालू कर, प्रत्येक स्टॉपला कधी आली, कधी सुटली आणि किती लेट ते सगळं फाइलमध्ये येतं. फेरी क्रमांक लावून एक्सेलमध्ये टाक, मग बोलू.

रोजचा_पासवाला

मला सॉफ्टवेअरमधलं ओ की ठो कळत नाही, पण ह्या रोडवर रोज जातो म्हणून लिहितो. सगळ्या स्टॉपला २०-२० सेकंद टाकू नको बाबा. ११ जून २०२३ ला शक्ती योजना (बायकांना बसप्रवास फुकट) चालू झाल्यापासून गाडीत बायकांची गर्दी वाढलीय (चांगलंच आहे, आमची आईपण आता दर आठवड्याला देवळाला जाती), आणि त्यांनाही शून्य रुपयाचं तिकीट द्यावंच लागतंय, म्हणजे कंडक्टरचं काम तेवढंच. माझ्या बसचा कंडक्टर सीबीटीवर निम्मी तिकीटं मारल्याशिवाय डबल बेल देत नाही. उद्यमबागला कारखान्यांची पाळी सुटली की एका दारातनं उतरणारे आणि चढणारे एकमेकांत घुसतात, तिथं दीड मिनिटाच्या खाली गाडी हललेली मी बघितली नाही. आणि बस बाजूला घेतो कोण, रस्त्यातच उभी राहती, मागं सगळे हॉर्न.

चौथा_गिअर

ह्यांचं ऐक, हे सोनं आहे. स्टॉपनिहाय ड्युरेशन वेगळं दे. माणसं धरून करायचं असेल तर बसच्या टाइपमध्ये बोर्डिंगड्युरेशन असतंय, एका माणसाला चढायला लागणारा वेळ, डिफॉल्ट ०.५ सेकंद आहे म्हणजे आपल्याकडं चेष्टाच, वाढव. मग बसला लाइन नंबर द्यावा लागेल आणि माणसांच्या राइडमध्ये तोच नंबर.

"रस्त्यातच उभी राहती" ह्यासाठी स्टॉपवर पार्किंग ट्रू करू नको. ट्रू केलं की बस लेनवरनं बाजूला होती आणि मागचं ट्रॅफिक बिनधास्त जातंय. पण मग एका लेनच्या ठिकाणी बाइकवालेसुद्धा बसच्या मागं शिस्तीत उभे राहतील, जे बेळगावात कधी झालं नाही. त्याला सबलेन मॉडेल लाव, म्हणजे एका लेनचे उभे पट्टे पडतात, लॅटरल रिझोल्यूशन (पट्ट्याची रुंदी) ०.८ मीटरच्या आसपास, मग दुचाकी फटीतनं निघतात.

मच्छेकर_०७

अण्णा पाया पडतो, रिपीट ५ टाकलं, सीबीटीला ४८०० पर्यंत व्यवस्थित थांबतीय आणि गोवावेसला दुसऱ्या फेरीत बरोबर ५२२० ला सुटतीय!! पण आता दोन भानगडी. एक, परतीचा पिरनवाडी स्टॉप टाकला की तो पुढच्या मार्गात नाही म्हणून एरर येतोय, जाताना तोच स्टॉप चालतोय. दोन, साडेआठच्या गर्दीत काही गाड्या मधेच गायब होऊन पुढं उगवतात.

चौथा_गिअर

जाताना आणि येताना एकच स्टॉप वापरलायस ना? रस्ता एक दिसला तरी दोन दिशांच्या एज दोन असतात, परतीच्या एजच्या नावापुढं वजाचं चिन्ह असतंय बघ. पिरनवाडी दोन स्टॉप कर, एक जायचा एक यायचा, आणि रूटमध्ये ज्या क्रमानं लागतात त्याच क्रमानं लिही. नेटवर्क बनवताना लेफ्टहँड लावलंस का तेपण बघ, नाहीतर सगळं बेळगाव जर्मनीसारखं उजवीकडनं चालायला लागेल.

गायब होतात ते टेलिपोर्ट. ३०० सेकंद जागेवर अडकली की सुमो गाडी उचलून पुढं टाकतंय. बंद करता येतंय, पण आधी कुठल्या चौकात होतंय ते वॉर्निंगमध्ये वाच, बहुतेक सिग्नलचं टायमिंग किंवा लेनची जोडणी गंडलेली असणार. नुसतं बंद केलंस तर सगळा रोडच जाम होऊन बसेल.

मच्छेकर_०७

लेफ्टहँड लावलं होतं, स्टॉपचं मात्र तसंच होतं, आता १२ स्टॉप झाले आणि एरर गेला. टेलिपोर्ट आरपीडीला होतंय, उजवीकडं वळणारी लेन जोडलेलीच नव्हती. ती जोडून आत्ताच चालवलं. पहिली बस तिसऱ्या फेरीत ११ मिनिटं लेट, सीबीटीला येऊन टेकली आणि विश्रांती न घेता लगेच निघाली, अगदी खऱ्यासारखं.

रोजचा_पासवाला

ती ११ मिनिटं मी रोज उभा असतो तिथं. आणि हो, बस लेट झाली की स्टॉपवरची निम्मी माणसं रिक्षानं जातात, ती कुठं धरलीस?

मच्छेकर_०७

धरली नाहीत. उद्या सकाळी वही घेऊन रिक्षा स्टँडला बसतो.