मदत हवी आहे: टिक डेटा रॅममध्ये मावत नाही

नमस्कार मंडळी. माझ्याकडे साधारण २० कोटी टिक्स (बाजारातल्या भावाची एकेक नोंद) आहेत: वेळ, भाव, संख्या आणि सिम्बॉल (शेअरचं संक्षिप्त नाव). पायथनमध्ये पांडाज (टेबल हाताळायची लायब्ररी) वापरतो, रॅम १६ जीबी. पहिले तीन रकाने प्रत्येकी ८ बाइटचे, म्हणजे ४.८ जीबी. हे सहज बसायला हवं ना? पण सिम्बॉल साध्या मजकुराच्या रूपात होता आणि तिथेच सगळं अडलं. तो कॅटेगरी प्रकारात (प्रत्येक नाव एकदाच ठेवून बाकी ठिकाणी फक्त क्रमांक) बदलला, भाव पूर्णांक करून ३२ बिटांत ठेवला, तेव्हा कुठे फाइल्स एकेक करून वाचता आल्या.

आता गाडी अडते ती शेवटच्या जोडणीवर. कॉनकॅट (तुकडे जोडून एक टेबल करणारी आज्ञा) चालू झालं की जुने तुकडे आणि नवा टेबल दोन्ही एकाच वेळी मेमरीत राहतात, आणि पुढच्याच ओळीला मेमरीएरर (मेमरी पुरत नसल्याचा संदेश) येऊन सगळं बंद पडतं. वेळेनुसार सॉर्ट करण्यापर्यंत तर पोचतच नाही.

पार्केटमध्ये (रकान्यांनुसार डेटा साठवणारा फाइल प्रकार) ठेवायचं ठरवतोय. पण फाइल्स दिवसानुसार पाडू की सिम्बॉलनुसार? मला बहुतेक वेळा एकाच सिम्बॉलचे कित्येक महिने सलग लागतात, मात्र रोजची भर दिवसाची येते. एवढा डेटा कोणी रोज हाताळत असेल तर कृपया सविस्तर सांगा. बरेच दिवस यातच अडकलोय.