नवीन ई-बुक रीडर : कव्हर, चार्जर आणि मुंगीएवढी मराठी पीडीएफ

पंचगंगा_घाट
वडिलांसाठी किंडल पेपरव्हाइट घेतलाय, २०२४ चं ७ इंची मॉडेल. खोक्यात चार्जर नाही, नुसती केबल. राजारामपुरीत ६.८ इंची पेपरव्हाइटचं कव्हर मिळतंय, दुकानदार म्हणतो बसेल. खरंच बसेल का? वर काच लावून घेऊ? आणि मुख्य दुखणं : केबलने टाकलेली ईपब (ई-पुस्तकांचा नेहमीचा फाइलप्रकार) पुस्तकं दिसतच नाहीत, मराठी पीडीएफ दिसते पण अक्षर मुंगीएवढं. फॉन्ट वाढवायला गेलं तर पर्यायच येत नाही.

कव्हरवाला
नाही बसणार भावा. ६.८ इंची म्हणजे २०२१ चं, अकरावी पिढी. तुमची बारावी. मापं वेगळी आहेत, आणि कव्हरमधलं मॅग्नेट जागेवर आलं नाही तर झाकण मिटल्यावर स्क्रीन झोपत नाही. कव्हर घेताना इंच नाही, पिढी विचारा.
काच नको. हा स्क्रीन कागदासारखा आहे, काच लावली की ट्यूबलाइट चमकायला लागते. उघडझाप होणारं कव्हर पुरे.
चार्जर वेगळा घेऊ नका. मोबाइलचा ९ वॅट किंवा जास्तीचा टाइप-सी चालतो, अडीच तासांत भरतं.
आपल्याकडच्या पावसाची काळजी असेल तर यंत्र गोड्या पाण्यात २ मीटरवर ६० मिनिटं टिकेल असं बनवलंय. पण थेंब पडले की स्क्रीनला बोट लागल्यासारखं वाटतं आणि पानं आपोआप उलटतात. पुसून घ्या. चार्जिंगचं भोक पूर्ण सुकल्याशिवाय केबल लावायची नाही.

अक्षरजुळणी
ईपब दिसत नाही कारण केबलने टाकलेलं ईपब किंडल उघडतच नाही. ॲमेझॉनच्या सेंड टू किंडल वेबपानावरून पाठवा (२०० एमबीपर्यंत) किंवा किंडलच्या स्वतःच्या ईमेल पत्त्यावर (५० एमबीपर्यंत). ईमेल करताना पाठवणारा पत्ता अकाउंटच्या मंजूर यादीत नसेल तर पुस्तक पोचत नाही, लोक इथेच अडकतात. केबलच वापरायची तर कॅलिबर या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये ईपबचं एझेडडब्ल्यू३ (किंडलचा फाइलप्रकार) करून टाका.
आता पीडीएफ. ती म्हणजे छापील पानाचा साचा, अक्षर वाढवलं तरी ओळी नव्याने जुळत नाहीत. ए-फोर पान २१ सेंमी रुंद, तुमचा स्क्रीन साधारण साडेदहा. म्हणजे अक्षर थेट निम्मं. स्क्रीन आडवा करा, रुंदी १४ सेंमी मिळते. शिवाय दोन्ही बाजूंचा अडीच-अडीच सेंमी समास कापला तर मजकूर उरतो १६ सेंमी. अक्षर मूळ आकाराच्या ८८ टक्के दिसेल.

शाहूपुरी_वाचक
एवढं कशाला? ईमेलच्या विषयात 'कन्व्हर्ट' असं इंग्रजीत लिहून पीडीएफ पाठवा, पुस्तकासारखी होऊन येते.

अक्षरजुळणी
इंग्रजीला ठीक. मराठीत बहुतेक वेळा घोळ होतो. आधी पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करून बघा. ओळ निवडलीच जात नसेल तर ती स्कॅन केलेली चित्रं आहेत. चिन्हांचा चिवडा आला तर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधली आहे, कन्व्हर्ट केलं तरी तोच चिवडा येणार. ओळ नीट आली, म्हणजे पीडीएफ युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणारी आजची अक्षरपद्धत) असली, तरी कन्व्हर्ट केल्यावर ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटलेली सापडते.

पंचगंगा_घाट
चिवडाच आला.

अक्षरजुळणी
मग के-टू-पीडीएफ-ऑप्ट हा कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम वापरा, फुकट आहे. ते फॉन्ट वाचत नाही. पानाचं चित्र धरून शब्द कापतं आणि छोट्या पानावर मोठे करून पुन्हा मांडतं. ओळी दाट असतील तर उकार-वेलांट्या छाटल्या जाऊ शकतात, म्हणून आधी पाच पानं करून बघा. फाइल फुगते, ती केबलने टाका. नवीन मॉडेल कॉम्प्युटरला पेनड्राइव्हसारखं नाही, मोबाइलसारखं दिसतं. त्यातल्या डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये. काहीच दिसलं नाही तर केबल नुसती चार्जिंगची आहे.
जुनी, हक्क संपलेली पुस्तकं हवी असतील तर मराठी विकिस्रोतावर ईपब मिळतं, युनिकोड. फॉन्ट हवा तेवढा मोठा होतो. वडिलांना सुरुवात त्यानेच करून द्या.

कव्हरवाला
आणि एका दमात दोनशे पुस्तकं ओतू नका. यंत्र प्रत्येकाची शोधसूची बनवत बसतं, तोवर मंद चालतं, बॅटरी पटापट उतरते, आणि माणूस म्हणतो नवीन माल खराब निघाला. वीस-पंचवीस टाका. अडकलंच तर पॉवरचं बटण ४० सेकंद दाबून धरा, पुस्तकं जात नाहीत.