कवटीच्या मोजमापांवरून लिंगनिश्चिती : प्रबंधासाठी कोणती मापे आणि कोणते सूत्र?

धागाकर्ती : मी न्यायवैद्यकशास्त्रात एम.डी. करत असून प्रौढ कवटीच्या मोजमापांवरून लिंगनिश्चिती हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. पोलिसांकडून येणाऱ्या अवशेषांत कधीकधी कवटी तेवढीच असते, आणि अशा वेळी अहवालात ठामपणे काय लिहावे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. विभागातील जुन्या कवट्यांचे लिंग नोंदवलेले नसल्यामुळे सीटी स्कॅनवर मापे घेण्याचा विचार आहे. कवटीच्या मापांवरून लिंग ठरवण्याचे जाइल्स व इलियट यांचे १९६३ चे सूत्र आपल्याकडे चालेल का? कोणती मापे निवडावीत?

पहिला प्रतिसाद : सूत्र अवश्य अभ्यासा, पण त्याचा विभाजनबिंदू, म्हणजे ज्या आकड्याच्या एका बाजूची कवटी पुरुषाची आणि दुसऱ्या बाजूची स्त्रीची धरतात तो आकडा, जसाच्या तसा उचलू नका. ते टेरी आणि टॉड या अमेरिकेतील सांगाड्यांच्या संग्रहांतील गोऱ्या व कृष्णवर्णीय अमेरिकी कवट्यांवर बेतलेले आहे आणि त्या समूहांतही त्याची अचूकता सुमारे ८२ ते ८९ टक्केच होती. ज्या समाजात पुरुषांच्या कवट्याही सरासरीने लहान असतात, तिथे तोच बिंदू लावला की अनेक पुरुष स्त्रियांच्या बाजूला जाऊन पडतात, आणि मग बेपत्ता व्यक्तींचा शोध चुकीच्या यादीत सुरू होतो. म्हणून मापे प्रमाणित घ्यावीत, सूत्र मात्र आपल्या नमुन्यावरून नव्याने काढावे.

मापांमध्ये गालांच्या कमानींमधील कमाल रुंदी, म्हणजेच बायझायगोमॅटिक रुंदी, सर्वप्रथम घ्या. अनेक अभ्यासांत एकट्या मापांपैकी तीच सर्वाधिक उपयोगी ठरली आहे. जोडीला कवटीची कमाल लांबी, बेसिऑनपासून (तळाच्या मोठ्या छिद्राच्या पुढच्या कडेचा मध्यबिंदू) ब्रेग्मापर्यंतची (माथ्यावर हाडांचे सांधे मिळतात तो बिंदू) उंची आणि कानामागील मॅस्टॉइड या उंचवट्याची लांबी असावी. कवटीच्या तळाचे महारंध्र जळालेल्या अवशेषांतही टिकते, म्हणून त्याच्या मापांचा मोह होतो; परंतु तिथे स्त्री-पुरुषांची मापे एकमेकांत इतकी मिसळतात की केवळ त्यांवर प्रबंध उभारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रतिसाद : सीटीचा निर्णय योग्य आहे, कारण रुग्णाचे लिंग व वय नोंदलेले असते. स्कॅनमधील काप शक्यतो एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असावेत, चेहऱ्याचे अस्थिभंग झालेले रुग्ण वगळावेत, आणि काही स्कॅन तुम्ही स्वतः व दुसऱ्या निरीक्षकाने पुन्हा मोजून मापनातील त्रुटी प्रबंधात द्यावी. ज्या नमुन्यावरून सूत्र काढले त्याच नमुन्यावर मोजलेली अचूकता नेहमी फुगलेली दिसते. म्हणून एकेक कवटी बाजूला ठेवून, उरलेल्यांवरून काढलेले सूत्र तिच्यावर लावून पडताळणी कराच.

धागाकर्ती : मनःपूर्वक आभार. वयाची खालची मर्यादा किती ठेवावी? आणि कटीचे हाड मिळाल्यास कवटीचे महत्त्व उरते का?

पहिला प्रतिसाद : यौवनारंभापूर्वी हे फरक पुरेसे उमटतच नाहीत, आणि विशीतल्या काही पुरुषांची कवटीही नाजूक दिसते, तर उतारवयातील काही स्त्रियांच्या कवटीत पुरुषी ठेवण येते. तेव्हा वीस वर्षांपासून सुरुवात करून वयोगटांनुसार निकाल वेगळे मांडा. कटीचे हाड उपलब्ध असेल तर आधी तेच पाहावे. १९६९ मध्ये फेनिस यांनी जघनास्थीच्या (कटीच्या हाडाचा पुढचा भाग) तीन लक्षणांवरून सुमारे ९६ टक्के अचूकता नोंदवली होती. कवटी एकटीच असेल, तर अहवालात संभाव्यता लिहावी, आणि ती विभाजनबिंदूच्या अगदी जवळ येत असेल तर 'लिंग अनिश्चित' असे नमूद करून दाताचा नमुना डीएनए तपासणीसाठी पाठवावा.