दोन सिस्टिम टाकणं हे रिकामटेकड्यांचं काम नाही

सांगलीची_संध्या
आमच्या जुन्या कॉलेजच्या ग्रुपवर काल एका सीनियरने लांबलचक पोस्ट टाकली. मुद्दा एवढाच की विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे नेहमीची सुरक्षेची अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ज्यांच्या लॅपटॉपवर ११ चढत नाही त्यांनी तो एक्स्चेंजमध्ये देऊन टाकावा आणि नवा घ्यावा, "ड्युअल बूट (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणं) हे रिकामटेकड्यांचे उद्योग, शेवटी डेटा जातो आणि माणूस विंडोजवरच परत येतो". खाली अंगठ्यांची रांग. तिथे दोन ओळी लिहिल्या, पण मन भरलं नाही, म्हणून इथे सगळं लिहिते.

आमच्याकडे २०१७ चा लॅपटॉप आहे, सातव्या पिढीचा आय५. ११ ला आठवी पिढी लागते, म्हणजे आमचं मशीन एका पिढीने हुकलं. टीपीएम २.० ही ११ ला लागणारी सुरक्षेची चिप आहे, ८ जीबी रॅम आहे, हार्डडिस्क काढून एसएसडी बसवलीये, कीबोर्डचं एक बटन निघालेलं नाही. हे भंगारात का द्यायचं? मिस्टरांना टॅली लागतं, ते लिनक्सवर सरळ चालत नाही, म्हणून विंडोज ठेवलंय पण त्याचं वायफाय कायमचं बंद. बाजूला लिनक्स मिंट, ही फुकट मिळणारी दुसरी सिस्टिम. चालू केलं की काळ्या पडद्यावर यादी येते, दहा सेकंद थांबते, वर मिंट आणि खाली विंडोज. सासूबाईंना सांगितलंय काहीच दाबू नका, आपोआप उघडेल, आणि त्या रोज त्यावर कीर्तन ऐकतात. मुलाचा अभ्यास, माझं मेल, बँक सगळं मिंटवर. दीड वर्ष झालं, एक फाईल गेलेली नाही. नवा लॅपटॉप घ्यायला चाळीस-पन्नास हजार कुणाच्या खिशात पडलेत? ज्याच्या पडलेत त्याने घ्यावा, पण बाकीच्यांना रिकामटेकडे म्हणू नये.

नाशिकचा_पाना
ताई, तुमचं चाललंय कारण तुमचं नशीब चांगलं आणि तुम्ही सावकाश केलंत. माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, बारा वर्षं झाली. व्हिडिओ बघून ड्युअल बूट करणारे रविवारी रात्री करतात आणि सोमवारी सकाळी शटर उघडायच्या आत माझ्या पायरीवर बसलेले असतात. गेल्या महिन्यातला सांगतो, सीएची आर्टिकलशिप करणारा पोरगा. इन्स्टॉलरमध्ये डिस्कच दिसेना म्हणून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन डिस्क जोडण्याची पद्धत आरएसटीची एएचसीआय केली, झालं, विंडोज उठायचं बंद, निळा पडदा. ते परत पहिल्यासारखं ठेवलं असतं तर विंडोज उठलं असतं, आणि बदलायचंच तर आधी सेफ मोडची तयारी करून मग बदलायचं असतं. पण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे घाबरून "इरेज डिस्क" दाबलं. क्लायंटच्या तीन वर्षांच्या फायली. माझ्यासमोर बसून रडला तो. त्याच्या आईने मला विचारलं, भाऊ काहीच होणार नाही का? एसएसडी होती, ट्रिम झालेलं, म्हणजे पुसलेली जागा तिने कायमची रिकामी केलेली, काय होणार? म्हणून मी सरसकट नको म्हणतो. ज्याने पोस्ट लिहिली त्याची भाषा वाईट असेल, पण सल्ला बरोबर आहे.

सांगलीची_संध्या
पान्याभाऊ, त्या पोराचं ऐकून वाईट वाटलं. पण बॅकअप नसताना त्याची एसएसडी नुसती मेली असती तरी हेच झालं असतं ना? दोष दुसऱ्या सिस्टिमचा कसा?

नाशिकचा_पाना
दोष कुणाचा हे तुम्ही घरी बसून ठरवता, त्याच्या आईला तोंड मला द्यावं लागतं.

म्युनिकचा_मध्यमवर्गीय
मला कळत नाही २०२५ नंतरही लोक डिस्कची पार्टिशन का कापत बसतात. व्हर्च्युअल मशीन (विंडोजच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) टाका, नाहीतर विंडोजच्या आतलंच लिनक्स, डब्ल्यूएसएल वापरा, तेही फुकटच आहे. रीबूट नाही, सुरुवातीची ती ग्रबची यादी नाही, बिघडलं तर डिलीट करून परत. मी इथे ऑफिसात गेली चार वर्षं हेच करतो.

हॉस्टेल_२१४
दादा तुमच्या ऑफिसने ३२ जीबी रॅमचं मशीन दिलं असणार. माझ्याकडे ४ जीबी आहे. विंडोज उघडलं की निम्मी तिथेच संपते, त्याच्या पोटात अजून एक सिस्टिम उघडली तर पंखा हेलिकॉप्टरसारखा ओरडतो आणि माऊस हलत नाही. ज्याचं विंडोजच रांगतंय त्याला विंडोजच्या आत लिनक्स घाल म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्या बैलावर अजून एक पोतं टाकणं.

पण मला एक अनुभव सांगायचाय, ताईंनी हा मुद्दा घेतला नाही. घड्याळ!! लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ ठेवतो आणि विंडोज तीच आपली स्थानिक वेळ समजतो, त्यामुळे बरोबर साडेपाच तासांचा फरक पडतो. मला माहीत नव्हतं. ऑनलाइन इंटर्नल होती दहा वाजता, रात्री लिनक्सवर असाइनमेंट केली, सकाळी विंडोज उघडलं तर उजव्या कोपऱ्यात ३:५०, आणि खाली मेसमधून पोह्यांचा वास येतोय. मी झोपेत, फोन चार्जिंगला बंद. म्हटलं पहाट आहे, परत आडवा झालो. पेपर गेला. नंतर एका सीनियरने टर्मिनलमध्ये एक ओळ टाकून दिली, timedatectl set-local-rtc 1, तेव्हापासून एकदाही चुकलं नाही. ही ओळ प्रत्येकाने लिहून ठेवा.

थांबलेली_एसटी
माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, नवीन लॅपटॉप, विंडोज ११. कॉलेजने लिनक्सपण टाका सांगितलंय. कुठून सुरुवात करू? तिचे प्रोजेक्टचे फोटो आणि सगळं त्यातच आहे.

डीटीपी_काकू
सगळे टॅली, पेपर, इंजिनिअरिंग बोलताय, मराठीचं कुणी बोलत नाही. मी १९९६ पासून डीटीपी करते. दिवाळी अंक, लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. माझ्याकडे श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या हजारो फायली आहेत, पानं लावायच्या पेजमेकर सॉफ्टवेअरच्या. त्या लिनक्सवर उघडून दाखवा. भाच्याने मोठ्या उत्साहाने दुसरी सिस्टिम टाकून दिली आणि त्यात मजकूर उघडला तर रोमन अक्षरं, कंस आणि चिन्हांचा नुसता चिवडा. मला दोन दिवस छातीत धडधड, वाटलं अंक गेला. म्हणून माझ्यापुरतं विंडोजच बरं.

इन्स्क्रिप्टवाला
काकू, तो चिवडा लिनक्सने केलेला नाही. ते जुने फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी चित्रं चिकटवलेली. फाँट काढला की खालचं इंग्रजी उघडं पडतं, ते कुठेही पडेल, विंडोजवरसुद्धा. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे! विंडोज २००० पासून सरळ टाइप करता येतंय. पंचवीस वर्षं तुम्ही डीटीपीवाल्यांनी मराठी मजकूर कुलपात ठेवलाय, त्यातला एक शब्द शोधता येत नाही.

डीटीपी_काकू
कुलपात?? अहो त्या कुलपातून तुमच्या गावच्या वाचनालयाची स्मरणिका निघाली असेल. २००५ साली युनिकोडमध्ये एक पान लावून प्रेसला द्यायचं होतं मग कळलं असतं. पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं, जोडाक्षरं फुटायची, फाँट म्हणाल तर दोन-चार, तेही बातमीच्या मथळ्याला शोभत नव्हते. आम्ही हौस म्हणून नाही केलं, पोट होतं त्यावर.

इन्स्क्रिप्टवाला
तेव्हाचं मान्य. आत्ताचं काय? आता तर मुक्त परवान्याचे देवनागरी फाँट ढीगभर आहेत, मुक्ता, बालू, यंत्रमानव. आणि कीबोर्ड बघा, इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाण मांडणी विंडोजवरही आहे आणि लिनक्सवरही, बोटं तीच. दऱ्यातला ऱ्य लिहायचाय? शिफ्ट जे, मग डी, मग य. ळ म्हणजे शिफ्ट एन. दोन्हीकडे सारखंच. मी सकाळी विंडोजवर आणि रात्री लिनक्सवर लिहितो, बोटांना फरक कळत नाही.

डीटीपी_काकू
माझी बोटं टाइपरायटरवर घडलीत, रेमिंग्टन. पन्नाशी उलटल्यावर डी म्हणजे पाय मोडायचा हे शिकवू नका. आणि दऱ्याचं तुम्हीच काढलंत म्हणून सांगते, आजकालच्या पोरांच्या युनिकोडमध्ये दऱ्या आणि दर्या एकच झालाय. सह्याद्रीत समुद्र घुसवतात. आमच्या फाँटमध्ये तो अर्धा र वेगळ्या बटनावर होता, चुकायचा प्रश्नच नव्हता.

इन्स्क्रिप्टवाला
हा मुद्दा मात्र खरा आहे काकू. पण दोष युनिकोडचा नाही, ऱ ला स्वतंत्र जागा दिलेली आहे त्यात, पोरं मोबाइलवर इंग्रजीत टाइप करून जे समोर येईल ते घेतात.

हॉस्टेल_२१४
पोरं म्हणजे आम्ही का? माझ्या मोबाइलवर दऱ्या बरोबर येतं, बघा आलं.

म्युनिकचा_मध्यमवर्गीय
धागा ड्युअल बूटचा होता, आपण सह्याद्रीत पोचलो. आणि अजूनही सांगतो, ऑगस्ट २०२४ आठवा. विंडोजचं एक अपडेट आलं आणि दुनियाभरच्या ड्युअल बूट मशीन्सवर लिनक्स उठायचं बंद झालं, लिनक्स उठवणाऱ्या भागाची (शिम) सुरक्षा-तपासणी (एसबॅट) फसल्याचा मेसेज पडद्यावर, मशीन बंद. दोन सिस्टिम ठेवणाऱ्यांना हे अपडेट लागू होणार नाही असं कंपनीने म्हटलं होतं, तरी झालं. तुम्ही कितीही सावकाश करा, दुसरी सिस्टिम तुमच्या हातात नसते.

सांगलीची_संध्या
आठवतंय, आणि तो मुद्दा मला कबूल आहे. तेव्हा बऱ्याच जणांनी सिक्युअर बूट (चालू होतानाची ती तपासणी) बंद करून, लिनक्समधून ती एसबॅटची पॉलिसी पुसून परत चालू केलं. पण त्यात लिनक्स अडकलं, विंडोज उठत होतं आणि फायली जागेवर होत्या. म्हणून मी प्रत्येकीला सांगते, लिनक्सचा पेनड्राइव्ह पुसू नका, ड्रॉवरमध्ये ठेवा. माझा मीठमसाल्याच्या डब्यांच्या मागे आहे, सगळ्यांना माहितीये.

डीटीपी काकू, तुम्ही विंडोज काढूच नका. माझं म्हणणं हेच आहे की दोन्ही ठेवा. तुमचे जुने अंक तिकडे, बाकी इकडे. दुसरी सिस्टिम टाकायची म्हणजे पहिली टाकून द्यायची असं कुणी सांगितलं?

डीटीपी_काकू
भाच्याने हे असं सांगितलं असतं तर मी घाबरले नसते.

थांबलेली_एसटी
माझा प्रश्न वर राहिला. कुणी सांगेल का, शनिवारी ती घरी येणार आहे.

नाशिकचा_पाना
माफ करा ताई, भांडणात तुमचं राहून गेलं. मी नको म्हणणारा माणूस, पण कॉलेजने सांगितलंय तर करावंच लागेल, मग नीट करा. पहिली गोष्ट, फोटो आणि प्रोजेक्ट बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क काढून कपाटात, लॅपटॉपला लावून ठेवायची नाही. दुसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, नवीन विंडोज ११ मध्ये एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला कुलूप, बऱ्याचदा आपोआप चालू असतं, तुम्हाला पत्ताही नसतो. बायोसला हात लावलात की निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागतं. ती किल्ली मुलीच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडेल, काही करायच्या आधी तिथे जाऊन बघायची आणि कागदावर उतरवायची. अकाउंट कुठल्या मेलने काढलं ते दुकानदाराने केलं असेल तर आत्ताच फोन करून विचारा, माझ्याकडे येणारी निम्मी माणसं इथेच अडकतात. मग फास्ट स्टार्टअप बंद करायचं, नाहीतर विंडोज बंद केलं तरी अर्धं झोपलेलं राहतं आणि लिनक्समधून ते ड्राइव्ह नुसते वाचता येतात, लिहिता येत नाहीत. जबरदस्तीने लिहिलं की फायली खराब. जागा कमी करायची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून, ६०-७० जीबी पुष्कळ. एवढं झाल्यावर मग पेनड्राइव्ह लावा. "इरेज डिस्क" असं दिसलं की हात मागे.

सांगलीची_संध्या
पान्याभाऊ, नको म्हणणाऱ्याने आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं सांगितलं.

नाशिकचा_पाना
माझं मत बदललेलं नाही. एवढं सगळं करणारी माणसं शंभरात पाच असतात, मला बाकीची पंच्याण्णव भेटतात.

थांबलेली_एसटी
शनिवारी केलं. एन्क्रिप्शन खरंच चालू होतं, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. किल्ली मिळाली, पण अकाउंट मुलीच्या जुन्या मेलवर होतं, त्याचा पासवर्ड आठवायला पाऊण तास गेला, तिच्या दहावीच्या वहीत सापडला. उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं, दोन्ही उघडतंय, घड्याळाची ओळपण टाकली. किल्ली भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलीये.

नाशिकचा_पाना
कॅलेंडर नको ताई, डिसेंबर संपला की ते रद्दीत जातं.

थांबलेली_एसटी
बरोबर आहे. आत्ताच तिच्या जन्मदाखल्याच्या फाईलमध्ये कागद ठेवला.