मांजरं, पाखरं आणि अंगणातले पाहुणे : तुमचं ज्ञान इथे लिहा

रानजाई
पहाटेपासून कुठेतरी मांजरीचं पिल्लू ओरडतंय. तो आवाज कानावर आला की जुनं सगळं वर येतं, म्हणून धागा काढला. घरची, दारची, झाडावरची, कुठलीही जनावरं-पाखरं चालतील. फक्त हकीगतींपेक्षा उपयोगाचं लिहूया: काय करायचं, किती, कधी, आणि कशाने बिघडतं.

सुरुवात मीच करते. पिल्लं एकटी दिसली की लगेच उचलायची नाहीत. भाटी खाणं शोधायला गेलेली असते किंवा जागा बदलताना एकेक पिल्लू नेत असते. माणूस जवळ उभा असेल तर ती येतच नाही. पिल्लांभोवती पिठाची बारीक रेघ गोल ओढायची आणि लांब जायचं. दोन-तीन तासांनी पिठात पंजे उमटले असतील तर आई येऊन गेली. पिल्लं उबदार, पोटं टम्म आणि गुपचूप झोपलेली असली की हात लावायचं कारण नाही. गार पडलेली, सतत रडणारी, मुंग्या चढलेली किंवा पावसात भिजणारी असतील तर मात्र वाट बघू नका.

पोटमाळा
पिठाची रेघ! हे लक्षात ठेवणार.

साय
उचललंच तर आधी ऊब, मग दूध. क्रम उलटा झाला की पिल्लू हातचं जातं. गार पिल्लाचं आतडं कामच करत नाही, दूध पोटात तसंच पडून राहतं. बाटलीत गरम पाणी, तिला टॉवेलचे दोन वेढे, आणि ती खोक्याच्या एकाच बाजूला. दुसरी बाजू मोकळी, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकता येतं.

गायीचं दूध नको, हगवण लागते आणि एवढ्याशा अंगातलं पाणी भराभर कमी होतं. पिल्लांसाठीची पावडर मिळते तीच, पाकिटावरच्या प्रमाणात, मनगटावर थेंब टाकून कोमट बघून. पिल्लू पालथं ठेवून पाजा. उताणं धरून पाजलं की दूध फुफ्फुसात जातं, पिल्लं दगावण्याचं हे मोठं कारण. बाटली उलटी धरल्यावर थेंब-थेंब पडला पाहिजे, धार लागली तर बुचाचं भोक मोठं झालंय, बूच बदला. पहिल्या आठवड्यात दर २-३ तासांनी, रात्रीसुद्धा. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ४-५ तासांवर येतं.

रोज ठरल्या वेळी वजन करा. जन्मतः साधारण १०० ग्रॅम, मग दिवसाला १०-१५ ग्रॅम वाढ. एक दिवस काटा हलला नाही तर सावध. खाली आला तर डॉक्टर.

गवतफुला
साय, शी-शू राहिली! पहिले तीन आठवडे ती आपली आपण होत नाही. दर पाजण्याला कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा शेपटीखाली हलक्या हाताने फिरवायचा, मांजरीची जीभ फिरते तसा. घासलं की कातडी सोलवटते.

साय
हो गं, घाईत राहिलं. गॅसवर दूध आहे, येते परत.

वळचण
पक्ष्यांचं वेगळं. अंगावर पिसं आहेत, शेपूट तोकडी आहे, टुणटुण उड्या मारतंय, असं पिल्लू पडलेलं नसतं. ते उडायला शिकतंय आणि आईबाप जवळपास असतात. मांजर-कुत्रं फिरत असेल तर जवळच्या झुडपात उंचावर ठेवा, बास. उघडंबोडकं, डोळे मिटलेलं पिल्लू मात्र घरट्यात परत ठेवायचं. माणसाचा हात लागला की आई टाकते ही समजूत खरी नाही. घरटंच मोडलं असेल तर तळाला भोकं असलेली लहान टोपली, आत सुकं गवत, आणि ती मूळ जागेजवळ बांधायची.

चोचीत पाणी अजिबात ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशी असतं, पाणी सरळ तिथेच जातं. कळवळून पाणी पाजणारी माणसंच त्याला बुडवतात, आणि त्यांना ते कळतही नाही. फार वाईट वाटतं.

कवडसा
काचेवर आपटलेला पक्षी? खोका, झाकणाला भोकं, अंधार, शांतता. तास-दोन तास उघडून बघायचं नाही, खायला-प्यायला द्यायचं नाही. सावरला की खोका बाहेर नेऊन उघडायचा. पुन्हा आपटू नये म्हणून काचेच्या बाहेरच्या बाजूने ठिपके लावा, ५-५ सेंटिमीटरवर. एखादं मोठं चित्र चिकटवून उपयोग नाही, पक्षी त्याच्या बाजूच्या मोकळ्या काचेवर आपटतात.

पोटमाळा
आणि मांजरीच्या तोंडातून सुटलेला? वरून धडधाकट दिसतो.

वळचण
जखम दिसली नाही तरी २४ तासांच्या आत अँटिबायोटिक मिळायला हवं. दातांचं भोक पिसांत लपतं आणि मांजरीच्या लाळेतले जंतू रक्तात पसरतात. "बरा दिसतोय" म्हणून सोडून देऊ नका, वन्यजीवांवर उपचार करणाऱ्यांकडे न्या.

अबोली_२
विषय सोडून विचारते. बोका सकाळपासून सारखा ट्रेमध्ये बसतोय, कण्हतोय, होत काही नाही. बद्धकोष्ठ असेल का?

साय
लघवी होतेय का? थेंब तरी?

अबोली_२
नाही. वाळू कोरडी आहे.

साय
आत्ता डॉक्टरांकडे जा, संध्याकाळची वाट बघू नका. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, खड्याने नाहीतर चिकट गाठीने तुंबते. लघवी अडली की मूत्रपिंडं निकामी होत जातात, रक्तात पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं. दोन दिवसांत जीव जातो. पोट दाबून बघू नका, मूत्राशय फुटेल.

अबोली_२
निघते.

गवतफुला
सांभाळून जा गं. कळव.

कवडसा
यावरून आठवलं, घरगुती औषधं मांजराला कधीच देऊ नका. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेते, तिच्या यकृताला ती निचरता येत नाही. कुत्र्यांची पिसवांची औषधं, ज्यात पर्मेथ्रिन असतं, तीही नाहीत. मांजराला झटके येतात. आणि लिलीची फुलं घरात नकोत. पराग अंगावर पडून चाटला तरी मूत्रपिंडं जातात.

उंबरठा
घरात बाळ येणारे. सगळे म्हणतात मांजर देऊन टाका.

गवतफुला
देऊ नका हो! टोक्सोप्लाझ्माची, म्हणजे मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या आणि पोटातल्या बाळाला अपाय करू शकणाऱ्या परजीवीची भीती घालतात, पण त्याची अंडी विष्ठेत पडल्यावर लगेच लागण करत नाहीत, किमान एक दिवस लागतो. ट्रे रोज साफ झाला की धोका खूप घटतो. ते काम घरातल्या दुसऱ्याने करावं, तेवढंच. कच्चं मांस आणि बागेतली माती हाताळून हात न धुणं, यांची काळजी जास्त घ्या.

उंबरठा
मनावरचं ओझं उतरलं. धन्यवाद.

रानजाई
दारच्या मांजरांना खायला घालता तर नसबंदीही करा. भाटी चार महिन्यांची असली तरी गाभण राहू शकते, पिल्लं अंगावर पीत असतानाही. गर्भ सुमारे ९ आठवड्यांचा, त्यामुळे वर्षात दोन-तीन वेळा विते. दोन महिन्यांचं, किलोभर वजनाचं पिल्लू शस्त्रक्रियेला चालतं, डॉक्टरांना विचारून घ्या. पिंजऱ्यात सापडली की लगेच चादर टाका, अंधारात शांत होते. कानाचं टोक कापलेलं दिसलं तर तिची झालेली आहे, पुन्हा पकडू नका.

आणि चावली किंवा ओरबाडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं, घड्याळ लावून. वर काही चोळू नका. त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जा.

वळचण
उंदरांचं विष लावणाऱ्यांनाही सांगा. विष खाल्लेला सुस्त उंदीर घुबड नाहीतर मांजर उचलतं आणि आतल्या आत रक्तस्राव होऊन तेही मरतं. चिकट पट्टीला पाखरू चिकटलं तर ओढू नका, खाण्याचं तेल बोळ्याने लावत हळूहळू सोडवा.

पोटमाळा
पाखरांसाठी पाणी ठेवलं तर डास होतात म्हणतात. मग बंद करू का?

कवडसा
बंद नको! अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. दर दोन दिवसांनी पाणी ओता, ब्रशने घासा, नवं भरा. नुसती भर घातली तर कडेला चिकटलेली अंडी राहतात. भांडं पसरट, खरबरीत, खोली जास्तीत जास्त ५ सेंटिमीटर, मध्ये एक दगड. सावलीत ठेवा, पण झुडपाला खेटून नको, मांजर दबा धरून बसते.

पोटमाळा
झालं. चिमण्यांसाठी खोका पण करायचाय, भोक केवढं?

वळचण
३२ मिलिमीटर. तळ १२-१५ सेंटिमीटर चौरस, भोकापासून तळापर्यंत तेवढंच अंतर. बाहेर दांडी लावू नका, चिमणीला लागत नाही, शिकाऱ्यालाच सोयीची होते. लाकूड जाड घ्या, पत्रा तापतो. आतून रंग नको. तळाला चार बारीक भोकं, छप्पर उघडणारं, म्हणजे पिल्लं उडाली की जुनं गवत काढता येतं. दोन-तीन मीटर उंचीवर, दुपारचं ऊन लागणार नाही अशा बाजूला.

अबोली_२
नळी घालून मोकळं केलं. अजून तिथेच आहे, सलाईन चालू आहे. खड्यांसाठी वेगळं खाणं द्यायला सांगतायत. साय, पाणी जास्त कसं पाजायचं?

साय
बरं झालं वेळेत गेलात! सुकं खाणं कमी, ओलं जास्त. पाण्याची भांडी ट्रेपासून आणि खाण्यापासून लांब, दोन-तीन ठिकाणी, पसरट, मिशा टेकणार नाहीत अशी. खाणं डॉक्टर सांगतील तेच, खड्याच्या जातीप्रमाणे बदलतं. आणि घरी आल्यावर पहिला आठवडा ट्रेवर नजर ठेवा, पुन्हा तुंबतं.